चौदावी बाटली

कारखान्याचा बॉयलर पेटला की ते सगळ्यांत आधी आमच्या दोरीवरच्या कपड्यांना कळतं. पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचे बारीक कण येऊन बसतात. झटकले तर पसरतात, नाही झटकले तर तसेच राहतात. गेल्या सोमवारी बायकोने असाच एक सदरा माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "झाला बघा सुरू." मी कण मोजले. एका बाहीवर अकरा होते. मोजून काय उपयोग, असं ती आता विचारत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली.

गावाला हा हंगाम म्हणजे दिवाळीचाच पुढचा भाग वाटतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कर्णे लावून जातात, रस्ताभर ऊस सांडतो, नदीकाठच्या पडीक रानात ऊसतोड कामगारांची पालं पडतात. सकाळी हवेत गूळ करपल्यासारखा गोड वास असतो. त्या गोड वासाच्या खाली दुसरा एक वास असतो, आंबलेला, नाकात चिकटून बसणारा. तो मळीचा. पहिल्या वासावर लोक बोलतात, दुसऱ्यावर बोलत नाहीत. मला या दिवसांत दोन्ही वासांचा राग येतो आणि ज्यांना वासच येत नाही त्या माणसांचा त्याहून जास्त.

पावसाळ्यात कृष्णा कुणाचीच नसते. ती येते, कुणाचं घर किती खोलगट आहे ते बघून जाते. पण पाऊस सरला, बंधाऱ्याला बरगे घातले, म्हणजे फळ्या बसवून पाणी अडवलं, की ती आमची होते. आणि आमची झाली की घाण होते. वाहती नदी चार-पाच महिन्यांपुरती एक लांबलचक हौद बनते. वरच्या अंगाला एक कारखाना आहे, त्याची मळी कधीमधी या हौदात उतरते. आमच्या गावचा ओढाही त्यातच येतो. पूर्वी ओढ्यात पावसाचं पाणी असायचं, आता घराघरांच्या संडासांचं असतं. ओढा नदीला मिळतो तिथून खाली घाट साठ पावलांवर आणि घाटाच्या पुढे दहा पावलांवर जॅकवेल, म्हणजे गावाच्या नळांना पाणी चढवणारी काठावरची विहीर. पावलं मी मोजली आहेत, जाताना आणि येतानाही.

मी गावच्या दूध संस्थेत फॅट काढतो. म्हणजे लोकांनी आणलेलं दूध ढवळून त्यातलं थोडं घेतो, तपासतो आणि आकडा सांगतो. पंचवीस वर्षं हेच काम. शेती आहे, ऊसही आहे, पण माझी ओळख आकड्याची. या कामात माणूस एक गोष्ट शिकतो. दूध खोटं बोलत नाही, दूध आणणारा बोलतो. आकडा कमी आला की म्हैस आजारी असते, वैरण ओली असते, माझं मशीन बिघडलेलं असतं. पाणी घातलेलं कधीच नसतं. एकदा मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याची किटली परत पाठवली. त्याने वर्षभर माझ्या घरी चहा घेतला नाही. दूध तपासणारा माणूस गावात कुणाचाच नसतो आणि मला त्याची खंत नाही. सगळ्यांना आवडणारा तपासनीस तपासत नसतो.

मेव्हण्याच्या त्या किटलीची गोष्ट ऐकूनच मॅडम माझ्याकडे आल्या. हे तीन हंगामांपूर्वीचं. मॅडम सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. नदीकाठच्या गावांतून त्यांना माणसं हवी होती, दर आठवड्याला एकाच जागी, एकाच वेळी पाण्याचा नमुना भरून देणारी. हंगामभराचे आकडे झाले की त्या ते वरच्या कार्यालयात मांडणार होत्या. घाटावर पाटी लावावी, ओढा जॅकवेलच्या खालच्या बाजूला वळवावा, अशी मागणी करायची तर हातात आकडे हवेत, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, "नावेने मध्ये जाऊन भरायचं का? तिथं पाणी नितळ असतं."

"चौगुले, लोक नदीच्या मध्यात आंघोळ करतात का?" त्या म्हणाल्या. "जिथं लहान मूल उभं राहील तिथलं पाणी हवं मला. गुडघाभर. नितळ मला नकोच आहे."

हे बोलणं मला पटलं. सायीखालचं दूध तपासावं तसं हे काम होतं.

दर गुरुवारी सकाळी आठ. दोन बाटल्या. एक जंतूंसाठी, प्रयोगशाळेतून कागदात गुंडाळून आलेली. तिच्या तोंडाला बोट लागता कामा नये, झाकण खाली ठेवायचं नाही, पाण्यात वीतभर खाली नेऊन धारेच्या समोर तोंड करून भरायची, वर थोडी जागा सोडायची, लगेच बर्फात. बर्फ आमच्या संस्थेचा आणि सांगलीला नेणारी गाडीही दुधाचीच. दुसरी बाटली प्राणवायूची. ती काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि जागेवरच दोन औषधांचे थेंब टाकायचे. मग बाटलीत साका बसतो. साका तपकिरी असेल तर पाण्यात श्वास आहे. पांढरा असेल तर नाही. गुडघाभर थंड पाण्यात उभं राहून त्या साक्याकडे बघणं, बर्फाचा डबा काठावर, नदीवर धुकं आणि पलीकडच्या काठावरून ट्रॅक्टरवरचं गाणं. त्या हंगामाची आठवण काढली की मला आधी पिंढऱ्यांना गार लागतं.

घाटावर सोबतीला एकच माणूस असायचा, शंकर. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. तो नावेतून मासे धरतो आणि जॅकवेलच्या तोंडाशी जी जाळी आहे ती तुंबली की बुडी मारून साफ करतो. केंदाळ, प्लास्टिक, मेलेली कुत्री, जे अडकेल ते हाताने काढतो. गावाच्या नळाला पाणी येतं ते शंकरच्या दमावर.

"काय रं सुकुमार," तो नावेतून ओरडायचा, "आज नदीची फॅट किती लागली?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

"मग डेअरीत घाल की. आमच्या म्हशीपेक्षा बरी."

आठव्या गुरुवारी साका पांढरा बसला. चुनखडीसारखा. मी बाटली उलटसुलट करून पाहिली, पांढरा तो पांढराच. पाणी चहाच्या चोथ्याच्या रंगाचं होतं आणि बंधाऱ्याखाली फेसाचे ढीग साचले होते. वर मळी सोडली असणार. दहा वाजेपर्यंत मासे वर आले. आधी पृष्ठभागावर तोंडं उघडत होते, मग कुशीवर पडले. आणि गाव आलं. पाट्या, बुट्ट्या, धुण्याची टोपली, एकाने तर चक्क मोटरसायकलची ताडपत्री आणली. कुणी विचारलं नाही की मासे का मेले. कोणता मोठा आहे एवढंच विचारत होते. मी घाटावर उभा राहून सांगत होतो की खाऊ नका. एक म्हातारा माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "आवं अण्णा, तुमी जैन माणूस. तुमाला माशातलं काय कळतंय?"

शंकरने त्या दिवशी एकही मासा उचलला नाही. नाव काठाला ओढून तो पालथ्या नावेवर बसला. "हे मासं न्हाईत," म्हणाला. "हे बी आता कुणाचं तरी सांडपाणीच."

तोवर गाव माझ्यावर खूश होतं. कारखान्याच्या नावाने बोटं मोडायला माझे आकडे उपयोगी पडत होते. सरपंच पारावर माझी वही मागून घ्यायचे आणि मोठ्याने वाचायचे. पण वहीत दुसरा रकाना जंतूंचा होता आणि जंतू मळीतून येत नाहीत. ते माणसांच्या पोटातून येतात. एका गुरुवारी मॅडमनी घाटाबरोबर आणखी दोन जागांचं पाणी मागवलं होतं. ओढ्याच्या तोंडाशी आकडा मोठा, घाटावर त्याहून थोडा कमी, नदीत ओढ्याच्या वरच्या अंगाला अगदीच कमी. याचा अर्थ लावायला मॅडम लागत नव्हत्या. मी पारावर सरळ सांगितलं, "मळी कारखान्याची आहे. जंतू आपले आहेत. आपण आपलंच पितोय."

दुसऱ्या दिवसापासून माझी वही कुणी मागितली नाही. दूध घालायला आलेल्यांपैकी निम्मे माझ्याशी बोलेनासे झाले आणि उरलेले जास्त बोलू लागले. माझ्या घरचा संडास कुठे सोडलाय याची चौकशी झाली. शोषखड्डा आहे, येऊन बघा, म्हटलं. आले आणि बघून गेले. सरपंच मात्र गोड बोलायचे. "अण्णा, ओढा वळवायचा तर तिघांच्या रानातनं न्यावा लागतोय. तिघं बी आपलेच. आपल्याच माणसाच्या उसातनं घाण न्यायची, बरं दिसतंय का?" उसात घाण बरी दिसत नव्हती. घशात दिसत नव्हती म्हणून चालत होती.

एका माणसाने मात्र माझा आकडा खरा धरला. शंकरने जाळी साफ करायला पाण्यात उतरणं बंद केलं. नावेतूनच लांब बांबूला आकडा बांधून ओढायचा. जाळी पुरती निघायची नाही, नळाला पाणी करंगळीएवढं यायचं. बायका त्याला बोलायच्या. तो म्हणायचा, "सुकुमार आकडा कमी सांगू दे, मग उतरतो."

आता चौदाव्या बाटलीबद्दल.

तेराव्या आणि चौदाव्या गुरुवारच्या मध्ये कडेगावचे माझे मामा गेले. मातीला जाणं भाग होतं आणि पुढचे दहा दिवस तिथेच राहावं लागणार होतं. जंतूंची बाटली मी आईकडे ठेवली. आई त्या वेळी अठ्याहत्तरची, हाताने अजून पापड लाटणारी. तिला सांगितलं, "गुरुवारी शंकर येईल, त्याच्याकडे दे. तो घाटावर भरेल, तू फक्त गाडीत बर्फात ठेवली का बघ. हात स्वच्छ पाहिजेत, तोंडाला बोट लागता कामा नये." एवढं सांगून मी निघालो. बावीस वर्षं लोकांच्या किटल्या तपासल्या होत्या. स्वतःच्या घरातून एखादी तशी किटली जाऊ शकते हे माझ्या मनात आलं नाही.

मी परत आलो तेव्हा घाटावर फ्लेक्स लागलेला होता. नेत्यांचे फोटो वर, मध्ये प्रयोगशाळेचा रिपोर्ट मोठा करून छापलेला, खाली ग्रामपंचायतीचं अभिनंदन. जंतू शून्य. आठवड्याच्या रिपोर्टची एक प्रत ग्रामपंचायतीला जायची, त्यांनी ती वाया जाऊ दिली नव्हती. फ्लेक्सखाली दोन बायका तोंड धूत होत्या. एक घागर भरून वर चालली होती. जाळीजवळच्या पायरीवर शंकर अंग पुसत बसला होता. केस ओले, डोळे लाल.

"उतरलास?" मी विचारलं.

"तीन दिस उतरतोय. सगळा गाळ काढला. मी म्हटलं हुतं न्हवं, आकडा कमी आला की उतरतो म्हणून. शून्य आला की रं गड्या."

शून्य पाहूनच मला संशय आला होता. शून्य फॅटचं दूध मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं, शून्य जंतूंची नदीही असू शकत नाही. आणि मी जे करायला नको होतं ते केलं. चार माणसांसमोर शंकरला म्हणालो, "बाटली कुठं भरलीस? हातपंपावर? सरपंचांनी सांगितलं का?"

शंकरने टॉवेल खांद्यावर टाकला. "मी बाटलीला हात बी लावला न्हाई," तो म्हणाला. "तुज्या आईनं लावू दिला न्हाई. म्हणाली, तुज्या हाताला मासळीचा वास येतोय, मीच भरते. जा, घरी इचार. मग ये मला चोर म्हणायला."

मी घरी गेलो. आई ओट्याजवळ पाणी गाळत होती. आमच्याकडे पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, जाडं दुहेरी कापड लावून गाळायचं. आणि कापडावर जे बारीक जीव राहतात ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत नेऊन सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. आई ते आयुष्यभर करत आली आहे, प्रवासातसुद्धा.

"बाटली कशी भरलीस?" मी विचारलं.

"जशी भरायची तशीच," ती म्हणाली. "पाटं उठून घाटावर गेले. कळशीत घेतलं, तिथंच गाळलं, जिवाणी तिथंच सोडली. घरी आणून उकळलं, निवू दिलं, मग भरलं. तोंडाला बोट लावलं न्हाई हां."

"उकळलंस का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्नच चुकीचा होता. "जितं पाणी कोंडून बर्फात घालायचं व्हय? सांगलीला जाईपतूर त्यात किती जन्मतील आन किती मरतील. उकळलं की पुढचं थांबतं. आन मोठी माणसं बघणार ते पाणी. त्यांच्याफुडं गदूळ कसं धाडायचं? तुझंच नाव त्या बाटलीवर."

तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. अठ्याहत्तर वर्षांत जे ती सगळ्यांत काळजीपूर्वक शिकली होती तेच तिने केलं होतं. घाटाच्या पाण्याचा त्या हंगामातला सगळ्यांत शुद्ध थेंब तिने त्या बाटलीत भरला होता आणि त्याच थेंबाच्या भरवशावर शंकर तीन दिवस जाळीपाशी नाकातोंडात ओढ्याचं पाणी घेत होता. मला रागवायचं होतं. कुणावर, तेच ठरेना. आईवर रागावलो असतो तर ती गप्प राहिली असती आणि ते मला झेपलं नसतं.

मॅडमना फोन केला. त्यांनी बाटलीची तारीख विचारून घेतली. मग म्हणाल्या, "ती एक बाद करू. पण चौगुले, तुम्ही हे कळवलंत म्हणजे बाकीच्या तेरा बाटल्यांवरही ग्रामपंचायत बोट ठेवणार. एक बाटली घरात भरली असेल तर बाकीच्या कशावरून नाही?"

"आणि नाही कळवलं तर?"

"तर शून्य राहील."

मी ग्रामसभेत उभा राहिलो. माझ्या आईने पाणी गाळून आणि उकळून भरलं, तो रिपोर्ट नदीचा नाही, फ्लेक्स काढा, एवढं सांगितलं. मग जे हसू फुटलं ते मला आजही दूध संस्थेत रांगेच्या टोकाला ऐकू येतं. मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या दुधात तुला पाणी घावायचं. तुझ्या पाण्यात काय घावलं रं?" दुसरा म्हणाला, "आक्कांनाच जॅकवेलवर बसवा. गावाला गाळून सोडतील." माझा मेव्हणा सगळ्यांत जास्त हसला. त्याचा तो हक्क होता.

सरपंच हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अण्णा, रिपोर्ट प्रयोगशाळेचा हाय, शिक्क्याचा. तुमच्या आईच्या सांगण्यावरनं शिक्का बदलत न्हाई. आन तुमीच म्हणताय तुमच्या बाटल्यांचा भरवसा न्हाई. मग ओढा कशाच्या जिवावर वळवायचा?"

ते हिशेबात बरोबर होते. मी आकड्याचा माणूस. एकदा नमुना बिघडला की दूध कितीही चांगलं असो, बाद, हे मीच लोकांना शिकवलं होतं. त्यांनी माझाच नियम माझ्या पुढ्यात टाकला. ओढा राहिला. फ्लेक्सही राहिला, पुढे उन्हाने नेत्यांचे चेहरे उडाले तरी शून्य वाचता येत होतं.

मी शंकरची माफी मागायला गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि जाळ्याची गाठ मारत म्हणाला, "चोर म्हणालास ते न्हाई लागलं. आईवर संशय न घेता आधी माझ्यावर घेतलास, ते लागलं." मी जाळ्याचं दुसरं टोक धरून बसलो.

बुडी मारलेल्या शेवटच्या दिवसापासून एकतिसाव्या दिवशी शंकरला ताप आला. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. कावीळ कुठूनही होते, डॉक्टर म्हणाले, बाहेरचं खाल्लं असेल, पालांवर चहा घेतला असेल. मी नाही म्हणू शकत नाही. माझ्याकडे त्या तीन दिवसांचा नमुना नाही. मी फक्त एवढं लिहून ठेवलं की तीन दिवस आणि मग एकतीस दिवस. सिद्ध न होणारी गोष्ट खोटी असतेच असं नाही, पण तिच्यावर कुणाला जाब विचारता येत नाही, आणि गावातल्या सगळ्या घाणीचं संरक्षण याच एका वाक्यात आहे.

तो सांगलीच्या दवाखान्यात बारा दिवस होता. आई म्हणाली, मला घेऊन चल. मी नको म्हणत होतो, तिने ऐकलं नाही. वॉर्डात गेल्यावर तिने पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढले, त्याच्या उशाशी ठेवले आणि उभीच राहिली. शंकरचा चेहरा हळदीचं पाणी शिंपडल्यासारखा झाला होता.

"शंकर," आई म्हणाली, "त्या बाटलीतलं पाणी मी उकळलं हुतं रं. मला काय ठावं ते तुझ्यासाठी हाय."

शंकरने डोळे उघडले. तशाही अवस्थेत त्याच्या ओठाचा कोपरा हलला. "आवं आक्का," तो म्हणाला, "उकळलंसा ते बरंच केलंसा की. पर बाटलीला दिलंसा, मला का न्हाई दिलंसा त्यातलं?"

आईने एक लाडू फोडून त्याच्या तळहातावर ठेवला. परतीच्या बसमध्ये कुपवाडच्या कारखान्यांतून सुटलेल्या माणसांच्या गाड्या खिडकीबाहेरून एकामागून एक जात होत्या आणि ती त्या मोजत असल्यासारखी बघत होती. मोजणं तिच्याकडून माझ्याकडे आलं असावं.

शंकर बरा झाला, पण अर्धा. नाव ओढताना मध्येच बसतो. मागच्या हंगामात मॅडमनी नवा नियम केला, प्रत्येक बाटलीवर भरणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही. मी ते मान्य केलं. बुद्धिमान माणसं मला विचारतात की अजून कशाला भरतोस. मी त्यांना सांगत नाही. एक गोष्ट वर्षानुवर्षं करत राहण्यासाठी आशा लागते असं लोकांना वाटतं. नुसता रागही पुरतो, आणि तो जास्त टिकतो.

या हंगामाची पहिली बाटली मी गेल्या गुरुवारी भरली. साक्षीला बायको आणि शंकर. बाटली गाडीत गेली. आम्ही पाय पुसत होतो तेवढ्यात सरपंच पायऱ्या उतरून आले, मागे मोटर चालवणारा माणूस.

"शंकर," सरपंच म्हणाले, "जाळी तुंबलीया. मोटर तापायला लागलीया. जरा उतर बाबा."

शंकर त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळला. "सुकुमार, आज किती?"

"शनिवारी कळेल."

"जाळी तर आज तुंबलीया."

सरपंच म्हणाले, "अण्णा, शनिवारपतूर गाव काय तोंडाला कुलूप घालणार हाय का? माणसास्नी तहान लागती."

"लागू दे," मी म्हणालो. "गावाला तहान लागू दे. शंकर उतरणार नाही. गाव तुमचं, ओढा तुमचा, तुम्ही उतरा."

सरपंचांनी पाण्याकडे पाहिलं. ओढ्याच्या तोंडाशी काहीतरी पांढरं फिरत होतं. "मला पवायला येत न्हाई," ते म्हणाले.

"दोरी मी धरतो की," शंकर म्हणाला, आणि पायरीवर नीट बसला.

शुक्रवारी सकाळी नळ आले नाहीत. शनिवारीही आले नाहीत. हातपंपावर रांग लागली, दोन भांडणं झाली. आमच्या दारावरून जाणारे मुद्दाम मोठ्याने बोलत होते. त्यांच्या शिव्या मी लिहिणार नाही. त्यांत एकही नवी नव्हती. ओढा वळवायला जेसीबी येणार, असं कुणीतरी म्हणत होतं. मी दोन वेळा जाऊन पाहिलं, काही आलेलं नव्हतं. पण शंकर दोन्ही दिवस कोरड्या कपड्यांत होता. त्या दोन दिवसांचा एवढा आकडा मी खात्रीने देऊ शकतो.

शनिवारी संध्याकाळी मी दूध घेत असताना मॅडमचा रिपोर्ट फोनवर आला. रांग दारापर्यंत होती. मी रकाना शोधला. जंतूंच्या समोर आकडाच नव्हता. 'मोजण्यापलीकडे' असं लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं.

"म्हंजी किती?" रांगेतल्या एका बाईने विचारलं. तिच्या कमरेवर रिकामी घागर होती, हातात दुधाची किटली.

"मोजता येत नाहीत एवढे."

तिने घागर दुसऱ्या कमरेवर घेतली. "मग इतकी वर्सं आमी काय पीत हुतो?"

"हेच," मी म्हणालो आणि तिची किटली ढवळायला घेतली.